नळी काळीच राहू द्या

दसरा नुकताच झाला होता. शिवनगरला साखर कारखान्याच्या आवारात हंगामापूर्वीची दुरुस्ती उरकत आली होती, कालव्याकडेच्या रस्त्यानं ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर येऊ लागले होते, आणि माळेगाव बुद्रुकच्या शिवारातल्या एका घराच्या ओसरीवर धुतलेल्या पोत्यावर एक दुनळी बंदूक आडवी ठेवली होती. खंडेनवमीला पुजलेली. दस्त्याला झेंडूची पाकळी चिकटलेली आणि नळीवर कुंकवाचं बोट ओढलं होतं बरोबर त्याच जागी तांबूस पट्टा. कुंकू कधीच पुसलं होतं. उरला होता तो गंज.

कॉलेजात जाणारा नातू स्वयंपाकघरातून तारेची घासणी घेऊन आला. “आबा, दोन मिनिटांत चकाचक करतो.” आबांनी घासणी त्याच्या हातातून काढून घेतली आणि सरळ अंगणात भिरकावली. “चकाचक करायला ती काय तांब्या हाय व्हय? काळी हाय, काळीच ऱ्हाऊ दे तिला.”

या अंकासाठी संपादकांनी ‘राखण’ हा विषय दिला, तेव्हा शेताची राखण, पाण्याची राखण, गावाची राखण असं बरंच मनात होतं. जी वस्तू राखणीसाठी म्हणून घरात आणली तिचीच राखण कशी होते, हे बघायचं या ओसरीवर ठरलं. नळीवरचा वरवरचा गंज काढणं हे काम किरकोळ वाटतं. पण बारामती-इंदापूरच्या वस्त्यांवर आणि पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात ज्या बिघडलेल्या नळ्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक गंजानं बिघडलेल्या नव्हत्या. त्या साफसफाईनं बिघडल्या होत्या.

उसातलं हत्यार

बारामती तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि कालव्याच्या पट्ट्यातलं शिवार हिरवं झालं. १९५०च्या दशकात माळेगावचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस पक्का झाला. उसाबरोबर घरं गावठाणातून उठून रानात गेली. वस्तीवर राहणाऱ्या माणसाच्या चारी बाजूंना वर्षातले आठ-दहा महिने पुरुष-दीड पुरुष उंचीचा ऊस असतो. मोटर चालू करायला रात्री-अपरात्री जावं लागतं, कारण शेतीची वीज अनेकदा तेव्हाच येते. अशा घरांतून पीकसंरक्षण आणि स्वसंरक्षण या दोन कारणांसाठी बंदुकीचे परवाने निघाले. काही वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर आले.

या बंदुका बहुतेक बारा बोअरच्या. नळीच्या आतल्या व्यासात बरोबर बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड, म्हणून बारा बोअर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. कुणाकडे मुंगेरच्या कारखान्यातली, कुणाकडे सरकारी आयुध निर्माणीची, एखाद्या जुन्या बागायतदाराकडे आजोबांनी घेतलेली विलायती. इशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ रायफलही अधूनमधून दिसते. पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रं ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीनं ती संख्या दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

आज या बंदुका बार काढतात किती? जवळजवळ नाहीच. उसात बिबट्या आला तरी त्याच्यावर चालवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. रोज खांद्यावर असणारी बंदूक दिसते ती बँकेच्या दारात किंवा रोकड नेणाऱ्या गाडीत, आणि ती बहुधा माजी सैनिकाच्या हातात असते. बाकीच्या कपाटात किंवा पलंगाखालच्या पेटीत पडून असतात. गंजाला हेच हवं असतं. रोज हाताळली जाणारी बंदूक रोज पुसली जाते. पेटीतली बंदूक पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी उघडून बघत नाही.

बारामतीत भेटलेले एक निवृत्त सुभेदार एका पतसंस्थेत पहाऱ्याला आहेत. त्यांच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत तेलाची चिंधी असते. पलटणीत शिकलेले शब्द अजून तोंडात आहेत: नळीत ओढायची दोरी म्हणजे ‘फुलतरू’, तिच्या फासात अडकवायची ती ‘चिंदी’. ड्युटी संपली की बंदूक उघडायची, काडतुसं बाजूला, नळीवरून चिंधी एकदा फिरवायची, मगच बंदूक कपाटात. त्यांच्या बंदुकीवर ओरखडे आहेत, दस्ता रंग उडालेला आहे, पण गंजाचा एक ठिपका नाही.

काळा गंज, तांबडा गंज

नळीचा काळा-निळसर रंग म्हणजे रंगकाम आहे, असं पुष्कळांना वाटतं. पुण्यातल्या एका परवानाधारक दुरुस्ती कारागिराच्या टेबलाशी बसल्यावर तो समज गेला. “हा पण गंजच आहे,” ते नळीवर बोट ठेवून म्हणाले, “पण आमच्या कामाचा गंज.”

लोखंड ऑक्सिजनशी वेगवेगळ्या प्रमाणात जोडलं जातं. ओल आणि हवा लागून जो भुसभुशीत, तांबूस थर धरतो तो तांबडा गंज. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगतो, सुटतो, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि खाणं चालूच राहतं. दुसरा प्रकार मॅग्नेटाइट. चुंबकी दगडात असतो तोच. तो काळा, घट्ट आणि लोखंडाला धरून बसणारा. बंदुकीच्या कारखान्यात जे ‘ब्लूइंग’ करतात ते म्हणजे नळीवर या काळ्या ऑक्साइडचा थर मुद्दाम चढवणं. थर असतो एखाद-दोन मायक्रॉनचा. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या घरात असते, त्यावरून अंदाज यावा.

थर चढवायच्या पद्धती दोन. एक झटपट: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश तापलेल्या द्रावणात नळी बुडवायची. रायफलींना हे चालतं. दुनळीला चालत नाही, कारण तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी शिसं-कथिलाच्या डाकानं जोडलेली असते. त्या उष्णतेला डाक वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं आणि पट्टीखाली शिरलेलं द्रावण नंतर वर्षानुवर्षं झिरपत राहतं. म्हणून चांगल्या दुनळीला जुनी, सावकाश पद्धत. नळीवर सौम्य आम्लाचा हात फिरवायचा, दमट पेटीत ठेवून तिला मुद्दाम तांबडा गंज येऊ द्यायचा, मग ती स्वच्छ पाण्यात उकळायची. उकळत्या पाण्यात तांबडा गंज काळा होतो. वरची सैल पूड मऊ ब्रशनं झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा-आठ वेळा असं केलं की मखमली काळा रंग चढतो.

एवढं कळलं की आबांनी घासणी का फेकली ते उलगडतं. तांबडा गंज आणि ही काळी झिलई ही एकाच लोखंडाची दोन रूपं. जे औषध तांबड्याला विरघळवतं ते काळ्यालाही सोडत नाही. जे पातं तांबड्याला खरवडतं, ते हात जरा जड झाला की काळंही नेतं. झिलई एका जागी उडाली की तिथं अडचण आणखी वाढते: मॅग्नेटाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ओल आली की उघडं लोखंड आणि भोवतालचा काळा थर यांची बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते लोखंड. एका ओरखड्यात गंज खोल उतरतो आणि शेजारचा काळा भाग जसाच्या तसा राहतो, त्याचं कारण हे.

जिथं क्षार, तिथं गंज

बारामतीची हवा कोकणासारखी खारी नाही. उन्हाळ्यात ओठ फुटतात इतकी कोरडी. मग इथल्या नळ्यांना गंज लागतो कुठून?

लोखंड साधारणपणे हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की जोमानं गंजू लागतं. पावसाळ्यात आणि पाणी दिलेल्या उसाच्या मधोमध असलेल्या घरात ती सहज जाते. पण नुसत्या ओलीपेक्षा क्षार वाईट. क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि साठ टक्क्यांच्या खालीही नळीवर न दिसणारा पाण्याचा थर धरून ठेवतात. क्षार काय करतात हे कालव्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही, आणि चांगली काळी जमीन पांढरी फेक पडून क्षारपड झाली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

पाहिलेल्या घरांतल्या बंदुकांच्या जागा आठवून बघितल्या तर क्षारांचे रस्ते सापडतात. एका ठिकाणी बंदुकीचं कपाट ज्या खोलीत, त्याच खोलीत खताची पोती. पोत्यांत म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. गंमत अशी की, जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे आणि बार उडाल्यावर नळीत उरायचा तो हाच पोटॅशियम क्लोराइड. त्या काळातले शिकारी नळी आधी गरम पाण्यानं धूत आणि मगच तेल देत, कारण क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. आज काडतुसं सुधारली. पण तोच क्षार खताच्या पोत्यातून, धूळ होऊन, बंदुकीपर्यंत पोचतो.

दुसरा रस्ता घाम. पाहुण्यानं हातात घेऊन बघितलेल्या बंदुकीवर आठवड्यानं बोटांचे ठसे तांबूस उमटलेले कारागीर सर्रास दाखवतात. तिसरा बोअरचं पाणी. ओल्या फडक्यानं पुसली की पाणी वाळतं, क्षार राहतात. चौथा देव्हाऱ्याकडून येतो: ओलं गंध-कुंकू, पाणी शिंपडलेली फुलं, दुर्वा, सगळं रात्रभर नळीवर. पूजा करू नये असं कुणी म्हणत नाही. आधी नळीवर मेणाचा हात द्यावा, कुंकू दस्त्याच्या लाकडाला लावावं आणि फुलं संध्याकाळीच उतरवावीत, एवढंच सुभेदारांचं म्हणणं.

पाचवा रस्ता सगळ्यांत फसवा, कारण तो काळजीपोटी तयार होतो. चामड्याची सुंदर खोळ. चामडं कमावताना बाभळीची साल, हिरडा असले तुरट पदार्थ आणि मीठ वापरलेलं असतं. शिवाय चामडं ओल धरतं. कापूस भरलेली रेक्झिनची खोळही तशीच. बंदूक नेण्यापुरती खोळ ठीक. ठेवायची ती उघडी, कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आणि शक्य असेल तर तोंड खाली करून, म्हणजे जास्तीचं तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

ठाण्यातला मुक्काम

परवानाधारकांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो, तो निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती ठरवते आणि ज्यांच्या बाबतीत गरज वाटते त्यांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. निकालानंतर ते परत मिळतं. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, बारामतीचं मतदान ७ मे रोजी झालं आणि मतमोजणी ४ जूनला. म्हणजे बंदूक गेली ती कडक उन्हाळ्यात, परत आली ती पावसाच्या तोंडावर. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा काहींना पुन्हा तोच रस्ता धरावा लागला.

ठाण्याचं काम शस्त्र सुरक्षित आणि नोंदीत ठेवण्याचं आहे, ते त्याला तेल घालत बसणार नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची. त्यामुळे तयारी मालकानंच करायची. जाणकारांची पद्धत अशी: जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी आतून-बाहेरून पुसायची, नेहमीच्या पातळ तेलाऐवजी दाट ग्रीसचा किंवा मेणाचा हात द्यायचा, चामड्याची खोळ घरीच ठेवायची, आणि सुती कापडात गुंडाळून वर नावाची चिठ्ठी बांधायची. पावतीवर शस्त्राचा नंबर बरोबर लिहिलाय ना ते बघायचं. परत आणल्यावर कपाटात ठेवण्याआधी ग्रीस पुसून नळी उजेडात फिरवून बघायची. ठिपका त्याच दिवशी सापडला तर तेलाच्या फडक्यानं निघतो. दिवाळीला सापडला तर त्याखाली खड्डा पडलेला असतो.

तेल, तांब्याची तार आणि धीर

आबांची बंदूक त्या दिवशी ओसरीवरच साफ झाली. कामाला सुरुवात झाली ती गंजापासून दूर: बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहिलं, मग बोटानं चाचपून पाहिलं, आणि काडतुसांचा डबा सुनेनं आतल्या खोलीत नेऊन ठेवला. मग पुढचा लाकडी भाग काढून नळी उतरवली. उतरवलेल्या नळीला दस्ता नाही, चाप नाही. काम सोपं आणि निर्धोक.

पहिली परीक्षा नखाची. डागावरून नख हळूच ओढायचं. नख घसरत गेलं तर गंज वरवरचा. अडकलं तर खाली खड्डा आहे, आणि खड्डा घरी निघत नाही. पट्ट्यावरून नख घसरलं. मग शिलाई मशीनचं तेल. चिंधी तेलात भिजवून पट्ट्यावर ठेवली आणि नळी तशीच बाजूला. तेल सैल गंजाच्या भुसभुशीत थरात शिरायला वेळ लागतो. कारागीर तर रात्रभर ठेवतात. इथं दुपारचं जेवण झालं.

तेल कुठलं, यावर बरीच मतं ऐकली. खोबरेल थंडीत गोठतं आणि कालांतरानं चिकट होतं. जवसाचं तेल हवेत वाळून वार्निश होतं, ते लाकडाला चांगलं, लोखंडी कळींना वाईट. रॉकेल गंज सैल करायला उत्तम, पण उडून गेलं की मागं काही संरक्षण राहत नाही. डब्ल्यूडी-फोर्टी पाणी हटवायला बनवलेलं. ते काम ते चोख करतं, पण त्याचा थर पातळ, महिनोन्‌महिने टिकणारा नव्हे. मशीनचं किंवा बंदुकीचं खनिज तेल सगळ्यांत भरवशाचं.

जेवणानंतर चिंधीनं पुसल्यावर निम्मा पट्टा तसाच निघाला. उरलेल्यासाठी आबांनी खिशातून काढली ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. या भागात पाण्याच्या मोटारी जळतात, त्यामुळे अशी तार दुकानाच्या कचऱ्यात ढिगानं मिळते. वरचं इनॅमल काढून टाकायचं. तांबं पोलादापेक्षा आणि मॅग्नेटाइटपेक्षा मऊ. त्यामुळे ते काळ्या थराला ओरखडत नाही, पण भुसभुशीत गंजाला ढकलून काढतं. पुण्याचे कारागीर याच कामाला सगळ्यांत तलम, चार शून्य नंबरचं स्टील वूल वापरतात, तेलात बुडवून, आणि दाब इतका हलका की चिमटीतून सुटावं. कोरडं कधीच नाही. हात नळीच्या लांबीच्या दिशेनं, आडवा किंवा गोल नाही.

खरी नजर मात्र नळीवर नव्हती, चिंधीवर होती. दर थोड्या वेळानं आबा स्वच्छ चिंधी फिरवून उजेडात धरत. चिंधीवर तपकिरी डाग आला तर गंज निघतोय, चालू ठेवायचं. चिंधी काळी-निळसर येऊ लागली तर झिलई निघतेय, तिथंच थांबायचं. पुण्यातल्या कारागिरांनीही हाच नियम सांगितला होता; दोघांची कधी भेट झालेली नाही.

शेवटी पट्ट्याच्या जागी रंग जरासा फिका दिसत होता. नातवाला तो अजून घासावासा वाटत होता. आबांनी तेल पुसलं, तळहातावर मेण चोळून नळीवर पातळ हात दिला आणि कोरड्या फडक्यानं जास्तीचं मेण काढलं. “झालं,” म्हणाले.

याच्या पुढचं काम दुकानाचं. चिवट गंज असेल तर कारागीर नळी आधी पूर्ण तेलमुक्त करतात आणि लांब पात्रात स्वच्छ पाण्यात उकळतात. झिलई चढवताना वापरली तीच युक्ती: तांबडा गंज काळा होतो आणि सैल पूड मऊ ब्रशनं झाडली की खालची मूळ झिलई बरीचशी शाबूत राहते. पाण्याचं तापमान शंभर अंश, डाक वितळतो त्याच्या कितीतरी खाली. पाणी मात्र बोअरचं चालत नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी लागतं, नाहीतर क्षारांचे नवे डाग. मधली पट्टी कुठं सुटलेली असेल तर पाणी आत अडकतं, म्हणून आधी ती ठोकून आवाजावरून तपासतात. हे ओसरीवर करण्यासारखं नाही.

नंबर गेला तर

दुकानात बिघडून आलेल्या नळ्यांची एक रांगच कारागिरांनी दाखवली. एकीवर चिंच आणि राखेचा प्रयोग झालेला: आम्लानं गंज गेला, झिलई गेली आणि नळी करडी पडली. दुसरीवर लिंबू. तिसरीवर हार्डवेअरच्या दुकानातलं गंज काढायचं द्रावण. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते काळ्यालाही सोडत नाही. चौथी नळी कुणीतरी वर्कशॉपमध्ये नेऊन ग्राइंडरला तारेचं चाक लावून घासलेली. ती खरंच चकाकत होती. तिच्यावरचे कोरलेले अंकही अर्धे पुसले गेले होते.

सौंदर्याचा प्रश्न इथं संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. १९५९च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम शस्त्रावरचा ओळखनंबर पुसणं, काढणं किंवा बदलणं याला मनाई करतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, असा नंबर पुसलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच तो पुसला असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. ग्राइंडरवाल्या पोरानं उत्साहात केलं, हे उत्तर परवाना नूतनीकरणाच्या टेबलावर कितपत चालेल, याचा विचार आधी केलेला बरा. पाचव्या कलमाप्रमाणे धंदा म्हणून शस्त्र दुरुस्त करायलाही स्वतंत्र परवाना लागतो. म्हणजे गावच्या वेल्डरकडे किंवा लेथवाल्याकडे नळी नेणं हे त्याच्यासाठीही संकट आहे. आपली बंदूक आपण पुसणं वेगळं. तिला यंत्र लावायचं तर दारावर परवान्याची पाटी असलेलंच दुकान शोधायचं.

नंबराशेजारीच नळीच्या बुडाशी चाचणीचे बारीक ठसे असतात. नळी किती दाबाला तपासली, कुठल्या लांबीच्या काडतुसासाठी बनवली, हे त्यावरून कळतं. जुन्या विलायती बंदुकांत काही नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेल्या असतात. त्यांच्या अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. या नळ्या आजच्या दारूच्या काडतुसांसाठी नाहीत. ठसे आणि नक्षी दोन्ही घासून सपाट झाली तर पुढच्या पिढीतल्या कुणाला हा इशारा वाचताच येणार नाही.

शिकलगार आणि संग्रहालय

चकाकीची आवड आपल्याकडे उगाच आलेली नाही. महाराष्ट्रात शिकलगारांनी पिढ्यान्‌पिढ्या तलवारी, कट्यारी, भाले यांना धार आणि पाणी दिलं. पात्याचा गंज घासूनच जायचा, कारण पात्याला झिलई नसते; घासल्यावर निघणारं उजळ पोलाद हेच त्याचं खरं रूप. कोयत्याचंही तसंच. माळेगावात हंगामासाठी आलेल्या ऊसतोड कामगाराचा कोयता रोज दगडावर घासला जातो आणि त्यामुळेच तो कामाचा राहतो. आपला हात या परंपरेत तयार झालाय. बंदुकीची काळी नळी तिच्या बाहेरची वस्तू आहे. तिला पात्याचा न्याय लावला की ती मरते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातलं शस्त्रदालन बघताना हा फरक आणखी एका अंगानं दिसतो. संग्रहालयाचं काम वस्तू नवी दिसावी हे नसतंच. लोखंडी वस्तू कोरड्या हवेत ठेवणं, हातमोज्यांशिवाय न हाताळणं, जिवंत गंज तेवढा थांबवणं आणि वर बारीक स्फटिकी मेणाचा थर देणं, ही जगभरच्या संग्रहालयांची पद्धत. ‘रेनेसान्स वॅक्स’ नावाचं असंच एक मेण ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं आणि आता बंदूकवालेही ते वापरतात. उत्खननात मिळालेल्या लोखंडावर टॅनिक आम्लाचा हात देऊन गंज काळा आणि स्थिर करतात. तो उपाय झिलई असलेल्या नळीला लावायचा नसतो. माहिती एका वस्तूची, वापर दुसऱ्या वस्तूवर, यातून बरीच नासधूस होते.

खड्डा राहू द्या

परत माळेगावच्या रस्त्याला लागताना मनात हिशेब मांडला तो वेळेचा. वर्षातून चारदा बंदूक उघडायची: मृगाच्या आधी, पाऊस उघडल्यावर, पूजा आटोपल्यावर आणि ठाण्यातून परत आल्यावर. दर वेळी अर्धा तास. एवढं केलं तर तांब्याच्या तारेची गरज क्वचितच पडेल.

आणि खड्डे? ते राहतात. खड्डा म्हणजे गेलेलं लोखंड, ते परत येत नाही. तो नाहीसा करायचा एकच मार्ग, भोवतालचं लोखंडही त्याच्या पातळीला घासायचं, आणि तसं केलं की नळीची भिंत पातळ होते. बाहेरच्या खड्ड्यातला गंज काढून मेण भरलं की तो आहे तिथं थांबतो. आतल्या बाजूला, विशेषतः काडतूस बसतं त्या जागी खड्डा दिसला, तर बंदूक न चालवता परवानाधारक कारागिराकडे न्यायची. तिथं डाग की धोका हे तोच ठरवेल.

साफ केलेली नळी आठ दिवसांनी पुन्हा उजेडात धरायची. त्याच जागी तांबूस छटा आली असेल तर तेल कमी पडलं असं समजून आणखी तेल ओतायचं नाही. खाली क्षार राहिलाय. बॅटरीच्या पाण्यानं ओलसर केलेल्या चिंधीनं ती जागा पुसायची, लगेच पूर्ण कोरडी करायची, आणि मग तेल, तार, चिंधी, मेण, सगळं पहिल्यापासून. छटा आली नसेल तर कपाट बंद करायचं. त्या दिवशी नळीला हातसुद्धा लावायचा नाही.